जूनमध्ये लागणारा पैसा जूनमध्येच द्या

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
मा. वित्तमंत्री,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : जिल्हा परिषद शाळा आणि अंगणवाड्यांच्या निधीची रक्कम, वेळ आणि वाट

महोदय, महोदया,

अर्थसंकल्पात शालेय शिक्षणाला किती कोटी मिळाले, याची बातमी दरवर्षी मार्चमध्ये होते. त्यातले रुपये गावातल्या शाळेच्या खात्यावर कोणत्या तारखेला दिसले, याची बातमी होत नाही. आम्ही शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य, मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका आणि पंचायत समितीत शाळांचे हिशेब तपासलेले कर्मचारी आहोत. आमचे म्हणणे या दुसऱ्या तारखेबद्दल आहे.

शिक्षण खात्याचा सर्वांत मोठा खर्च पगाराचा आहे आणि तो असायलाच हवा. त्याबद्दल आमची तक्रार नाही. शिक्षकांची रिक्त पदे आणि संचमान्यतेचे (म्हणजे पटानुसार शाळेला किती शिक्षक हे ठरवण्याचे) निकष हा मोठा प्रश्न आहे, पण त्यासाठी वेगळे पत्र लिहावे लागेल. इथे आम्ही पगार सोडून उरणाऱ्या लहानशा भागाबद्दल लिहीत आहोत : खडू, वीजबिल, शौचालयाची सफाई, गळके छप्पर, अंगणवाडीतली खेळणी. हा भाग लहान आहे म्हणूनच तो सर्वांत आधी कापला जातो आणि सर्वांत शेवटी वाटला जातो.

शाळेच्या हातात वर्षभरासाठी मोकळा म्हणता येईल असा पैसा एकच, समग्र शिक्षा अभियानातले संयुक्त शाळा अनुदान. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. रक्कम पटावर ठरते. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, असा दंडक आहे.

आता २४ मुलांची, पहिली ते पाचवीची, दोनशिक्षकी शाळा घ्या. तिच्या वाट्याला १०,००० रुपये येतात. त्यातले १० टक्के म्हणजे १,००० रुपये स्वच्छतेचे. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीचे किमान २०० दिवस भरले पाहिजेत. हजार रुपये २०० दिवसांवर पसरले तर दिवसाला ५ रुपये होतात. पाच रुपयांत मुलामुलींची दोन शौचालये रोज कोण धुणार? गावातल्या कुणाला दिवसाला ५० रुपये देऊन हे काम लावले, तर २०० दिवसांचे बरोबर १०,००० होतात. म्हणजे सगळे अनुदान सफाईतच संपते. वीजबिल, इंटरनेट, पाण्याच्या टाकीचा नळ, फळ्याचा रंग, हजेरीपट, प्रथमोपचार पेटी, झेंडावंदनाचा खर्च, सगळे बाकी राहते. मग शिक्षक खिशातून भरतात, सरपंचांकडे हात पसरतात, नाहीतर वीज तोडली जाते. वीज गेली की गावाने वर्गणी काढून आणलेले स्मार्ट टीव्ही आणि टॅब कपाटात जातात.

चूक सूत्रातच आहे. शाळेचा बराचसा खर्च मुलांच्या संख्येवर अवलंबून नसतो. २४ मुलांच्या शाळेलाही छप्पर एकच, पाण्याची टाकी एकच, विजेचे मीटर एकच आणि सही करायच्या नोंदवह्याही मोठ्या शाळेइतक्याच. पटावर रक्कम ठरवली की हा बांधील खर्च लहान शाळेच्या डोक्यावर सर्वांत जड बसतो. शिवाय टप्पे असे पाडले आहेत की ३१ वे मूल दाखल झाले तर शाळेला १५,००० रुपये जास्त मिळतात आणि एक कुटुंब दुसऱ्या गावी गेले तर तेवढेच कमी होतात. एका मुलाने शाळेचा खर्च १५,००० रुपयांनी वाढत नाही आणि कमीही होत नाही. डोंगरातले पाडे, धरणग्रस्तांच्या वसाहती, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गावे, अशा ठिकाणच्या शाळांचा पट लहानच राहणार. तिथली मुले दुसऱ्या शाळेत जाऊ शकत नाहीत म्हणूनच ती शाळा तिथे आहे.

म्हणून आमची पहिली मागणी अशी : राज्याच्या स्वतःच्या निधीतून, समग्र शिक्षाच्या बाहेर, स्वतंत्र लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या वेगळ्या नोंदीखाली) प्रत्येक सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेला २५,००० रुपये पायाभूत अनुदान द्यावे. पट कितीही असो. केंद्राचे अनुदान त्यावर मिळत राहील. राज्यात अशा शाळा साधारण ६५ हजार आहेत, तेव्हा वर्षाचा खर्च सुमारे १६२ कोटी ५० लाख रुपये येतो. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा होता. त्याच्याशी ताडून पाहिले तर दर १०,००० रुपयांमागे अडीच रुपयेही होत नाहीत.

स्वतंत्र लेखाशीर्ष मागण्याचे कारण तारखेत आहे. समग्र शिक्षाचा पैसा शाळेपर्यंत कसा येतो ते पाहा. राज्याचा वार्षिक आराखडा केंद्राच्या प्रकल्प मान्यता मंडळापुढे जातो. मंजुरीनंतर केंद्राचा हप्ता सुटतो, पण त्यासाठी मागच्या हप्त्याची उपयोगिता प्रमाणपत्रे आणि राज्याचा हिस्सा लागतो. राज्याचा हिस्सा निघायला वित्त विभागाची सहमती हवी. मग महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेच्या पातळीवरून जिल्हा, तालुका आणि शाळा यांना खर्चाची मर्यादा मिळते. शाळेच्या शून्य शिलकीच्या खात्यात रक्कम जमा होत नाही, फक्त पीएफएमएस या सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर ‘एवढे खर्च करू शकता’ असा आकडा दिसतो. ही साखळी एका कडीला अडली की सगळेच थांबते, आणि बहुतेक वर्षी ती कुठे ना कुठे अडतेच. मर्यादा हिवाळ्यात किंवा थेट फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि ३१ मार्चला न वापरलेली परत जाते.

शाळा मात्र जूनमध्ये भरते. खडू, रंग, नळ, झाडू, सगळे जूनमध्ये लागते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मिळालेल्या मर्यादेत मुख्याध्यापक तीन दरपत्रके मागवतो, समितीची सभा घेतो, ठराव लिहितो, दुकानदाराची पीएफएमएसवर नोंदणी करतो, एका लॉगिनने देयक तयार करतो आणि दुसऱ्या लॉगिनने मंजूर करतो. त्याच आठवड्यात राज्यातल्या हजारो शाळा त्याच संकेतस्थळावर असतात. दुकानदाराच्या बँक पासबुकावरचे नाव आणि नोंदणीतले नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी देयक परत येते. गावातल्या सुताराकडे किंवा नळ बसवणाऱ्याकडे पक्के बिल नसते, म्हणून दोन हजारांच्या कामासाठी तालुक्याचा ठेकेदार बोलवावा लागतो. शिक्षकाने जूनमध्ये खिशातून केलेला खर्च भरून मिळत नाही, कारण पैसे फक्त विक्रेत्याच्या खात्यात जाऊ शकतात. शेवटी जे पटकन मिळते ते घेतले जाते. रजिस्टरे, फोटोफ्रेम आणि प्लास्टिकच्या खुर्च्या मार्चमध्येच इतक्या का विकल्या जातात, याचे उत्तर इथे आहे. त्यात शाळेची नियत खोटी नसते, तिला फक्त पाच दिवस मिळालेले असतात.

राज्याचे पायाभूत अनुदान वेगळे असेल तर ते केंद्राच्या हप्त्यावर अवलंबून राहणार नाही. अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर होतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत निधी वितरणाचा शासन निर्णय निघाला आणि जिल्हा परिषदांनी १० मेपर्यंत रक्कम शाळांच्या खात्यावर टाकली, तर शाळा उघडण्यापूर्वी पूर्ण महिना मिळतो. या अनुदानाला तीन सवलती जोडाव्यात. ५,००० रुपयांपर्यंतच्या किरकोळ कामाला साधी पावती आणि समितीचा ठराव पुरेसा मानावा. शिक्षकाने केलेला खर्च समितीच्या ठरावाने भरून देण्याची तरतूद असावी. आणि न वापरलेली रक्कम पुढच्या ३० सप्टेंबरपर्यंत शाळेकडेच राहावी. लेखापरीक्षण कडक करा, त्याला आमची हरकत नाही. पण खर्च झाल्यावर तपासा, खर्च होण्याआधी अडवू नका.

दुरुस्तीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. छपराची गळती बुजवायची तर काम मेमध्येच व्हावे लागते, स्लॅब पूर्ण कोरडा असताना. जून लागला की जलरोधक थर धरत नाही, कौले काढता येत नाहीत, पत्र्यावर माणूस चढवता येत नाही. शाळेच्या दुरुस्तीला आधी अभियंत्याचे अंदाजपत्रक लागते, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश आणि शेवटी मोजमाप पुस्तिकेत नोंद. तालुक्यातल्या शे-दीडशे शाळांना एक-दोन अभियंते असतात आणि त्यांच्याकडे रस्त्यांची व इतर इमारतींचीही कामे असतात. अंदाजपत्रकच डिसेंबरमध्ये तयार झाले नाही, तर निधी मिळूनही त्या वर्षीचा मे हातचा जातो. पुढच्या पावसाळ्यात सळया आणखी गंजतात आणि काही हजारांत झाली असती ती दुरुस्ती लाखांवर जाते.

याहून वाईट स्थिती धोकादायक वर्गखोल्यांची आहे. जुनी खोली पाडायची तर निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव मंजूर व्हावा लागतो. त्यात इमारतीचे वय, मूल्य, अभियंत्याचा दाखला, फोटो आणि जिल्हा परिषदेची मंजुरी लागते. प्रस्ताव पडून राहिला की खोली पाडता येत नाही, आणि जुनी उभी असल्यामुळे त्या जागेवर नवी मंजूर होत नाही. मुले व्हरांड्यात किंवा समाजमंदिरात बसतात आणि भेगा पडलेली भिंत तिथेच उभी असते. इथे फार पैसा लागत नाही, मुदत लागते. निर्लेखनाच्या प्रस्तावावर ४५ दिवसांत निर्णय झाला नाही, तर तो आपोआप मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसमोर जावा आणि त्यांनी १५ दिवसांत लेखी आदेश द्यावा. शाळांची पावसाळापूर्व पाहणी नोव्हेंबरमध्ये, अंदाजपत्रके डिसेंबरअखेर, आणि जिल्हा वार्षिक योजनेतल्या शाळादुरुस्तीच्या कामांचे कार्यारंभ आदेश मार्चअखेर, असे वेळापत्रक शासन निर्णयातच लिहावे.

आता अंगणवाडीकडे वळतो. या पत्रातला हा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

अंगणवाडी ही कल्पना याच राज्यातली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात मुलांच्या अंगणात जाऊन शिकवणे हा गाभा होता. खेळ, गाणी, परिसरातल्या वस्तू, स्वच्छता हे सगळे शिक्षणाचा भाग म्हणून होते. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा होत्या. आज प्रत्यक्षात शेवटची सेवा उरलेल्या वेळात होते.

का होते ते सेविकेच्या दिवसात दिसते. तीन ते सहा वर्षांची मुले तिच्यासमोर बसलेली असतात. त्याच वेळी तिला पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपवर हजेरी भरायची असते, मुलांची उंची-वजने घ्यायची असतात, घरपोच आहाराचे वाटप आणि त्यासाठी चेहरा ओळख पडताळणी करायची असते, गरोदर आणि स्तनदा मातांच्या घरी जायचे असते, लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविकेसोबत थांबायचे असते. नेटवर्क नसले की हीच नोंद दुपारी टेकडीवर जाऊन करावी लागते. मदतनीस चुलीपाशी असते. मुलांना शिकवायला तिसरे माणूसच नाही. तीन वर्षांच्या मुलाला गोष्ट सांगणे आणि पाच वर्षांच्या मुलाला आवाज ओळखायला शिकवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्ही रोज सलग वेळ मागतात. तीन दिवसांच्या प्रशिक्षणाने तो वेळ निर्माण होत नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला. पण शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांसाठीच आहे. त्याचे कलम ११ पूर्वप्राथमिक शिक्षणाची ‘व्यवस्था करू शकेल’ एवढेच म्हणते. म्हणून तीन ते सहाच्या मुलांच्या शिक्षणाला आज कायद्याचा आधारही नाही आणि पुरेसा पैसाही नाही. पहिलीत आलेले मूल वाचू शकत नाही म्हणून निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेची उद्दिष्टे शिक्षकाच्या गळ्यात पडतात. त्याआधीची तीन वर्षे मात्र दोन खात्यांच्या मध्ये हरवलेली असतात.

आमची मागणी पूर्वप्राथमिक शिक्षिकेच्या स्वतंत्र पदाची आहे. सेविकेला मिळणारे १३,००० रुपये मानधन आधार धरले तर राज्यातल्या सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्यांना मिळून वर्षाला साधारण १,७१६ कोटी लागतात. हे एका वर्षात होणार नाही हे आम्हाला कळते. पहिल्या टप्प्यात शाळेच्या आवारात भरणाऱ्या किंवा तीन ते सहा वयोगटातली २५ पेक्षा जास्त मुले असलेल्या २० हजार अंगणवाड्या घ्याव्यात. खर्च ३१२ कोटी. पद मंजूर होईपर्यंत निदान एवढे करावे, की सकाळचे सलग दोन तास सेविकेला ऑनलाइन नोंद, बैठक किंवा सर्वेक्षण लावायचे नाही असा लेखी आदेश काढावा. या आदेशाला एक रुपयाही लागत नाही.

साहित्याचेही तसेच. अंगणवाडीच्या शालेय पूर्व शिक्षण संचासाठी वर्षाला ५,००० रुपयांचा दर आहे. २५ मुले असतील तर एका मुलाला वर्षाचे २०० रुपये. हे संच वरून खरेदी होऊन येतात तेव्हा त्यात पातळ प्लास्टिकचे ठोकळे आणि फाटणारे तक्ते असतात. ठोकळे महिन्याभरात मोडतात, आणि मोडतील या भीतीने सेविका ते कपाटात ठेवते. स्थानिक सुताराने घडवलेले लाकडी ठोकळे, शिवणकामातल्या चिंध्यांच्या बाहुल्या, बियांच्या आणि दगडांच्या मोजणीच्या पिशव्या हे वर्षानुवर्षे टिकते. निम्मी रक्कम सेविकेच्या आणि माता समितीच्या हाती द्यावी. पुस्तके, रंग आणि कागद मात्र दरवर्षी नवे लागतात, ते वरून वेळेवर यावेत.

आहाराच्या दराकडे वित्त विभागाने लक्ष द्यावे. अंगणवाडीतल्या मुलासाठी दिवसाला ८ रुपये हा दर २०१७-१८ पासूनचा आहे. तीव्र कुपोषित मुलासाठी तो १२ रुपये आहे. शाळेतल्या आहाराचा साहित्य खर्च याच काळात अनेकदा वाढला. २०२२, २०२४ आणि २०२५ अशा तीन वाढींनंतर १ मे २०२५ पासून तो प्राथमिकला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे झाला. तिथे धान्य वेगळे मिळते. अंगणवाडीचा आकडा त्या काळात जागेवरच राहिला. डाळ आणि तेल दोन्हीकडे एकाच बाजारातून येते. केंद्राने दर वाढवण्याची वाट न पाहता राज्याने स्वतःचे २ रुपये वर घालावेत. शाळेतल्या आठवड्याच्या अंड्याचा राज्याचा निधी २०२५ च्या जानेवारीत बंद करून तो खर्च लोकसहभागावर सोडला, तोही पूर्ववत करावा. ज्या गावात लोकसहभाग मिळतो, तिथली मुले घरीही अंडे खातात.

सर्व काही वरून खरेदी करण्याचा अनुभव राज्याने गणवेशात नुकताच घेतला आहे. २०२४-२५ मध्ये कापड राज्य पातळीवर खरेदी करून शिलाई बचत गटांमार्फत करायचे ठरले. मापे चुकली, गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत आणि त्याच डिसेंबरमध्ये अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना द्यावे लागले. चूक मान्य करून निर्णय फिरवला, याबद्दल आम्ही शासनाचे आभारच मानतो. पण दोन गणवेशांचे मुलामागे ६०० रुपये हा दर २०१८ चा आहे. ३०० रुपयांत टिकेल असे कापड आणि शिलाई दोन्ही बसत नाही. त्यामुळे समितीला अधिकार मिळाले तरी मुलाच्या अंगावर दिवाळीपर्यंत विरणारा गणवेश येतो.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २२ कडे आपले लक्ष वेधतो. व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि शासनाच्या योजना व अनुदाने त्या आराखड्यावर आधारलेली असायची, असे कायदा सांगतो. आज उलटे होते. अनुदानाचे शीर्ष वरून येते आणि आराखडा नंतर त्याला जुळवला जातो. संरक्षक भिंत मागितलेल्या शाळेला विज्ञान संच मिळतो, विज्ञान संच मागितलेलीला रंगकाम. सुरुवात म्हणून प्रत्येक जिल्ह्यात एका तालुक्यात तरी आराखड्यातल्या पहिल्या तीन गरजांनाच निधी द्यावा आणि वर्षअखेर निकाल तपासावा. ज्या समित्यांना आराखडा करता येत नाही, त्यांना केंद्रप्रमुखांनी (शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी) ऑगस्टमध्ये दोन सत्रांत मदत करावी. एक सत्र मोजमापाचे : खोल्या, शौचालये, नळ, बाके प्रत्यक्ष मोजायची. दुसरे प्राधान्याचे : आधी काय आणि का.

शेवटची मागणी हिशेबाच्या उघडेपणाची. कोणत्या शाळेला आणि अंगणवाडीला किती रुपये मंजूर झाले, कोणत्या तारखेला मर्यादा मिळाली, किती खर्च झाले आणि किती परत गेले, हे चार आकडे जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला गावनिहाय टाकावेत आणि ग्रामसभेत वाचावेत. ही माहिती शासनाच्या प्रणालीत आजही आहे, फक्त ती पालकांना दिसत नाही. तारखेचा रकाना त्यात असायलाच हवा. त्याशिवाय मार्चमध्ये आलेला आणि जूनमध्ये आलेला पैसा कागदावर सारखाच दिसतो.

यातल्या कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, हे शासनाने ३० एप्रिलपूर्वी लेखी कळवावे ही विनंती. नकाराचे कारण समजले तरी जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीच्या निधीतून काय करता येईल, ते आम्हाला मे महिन्यातच ठरवता येईल.

आपले,
जिल्हा परिषद शाळा व अंगणवाड्यांशी जोडलेले पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका आणि लेखा कर्मचारी